पावसाळ्यात टेप बॅकअप अडतो तेव्हा: ड्राइव्ह खोलण्याआधी काय बघायचं

मिरग लागून पंधरा दिवस झाले की फोंड्याहून फोन ठरलेला. "बाब, टेप परत मेली." स्टुडिओचे मालक साठीच्या घरातले. लग्नं, जत्रा, नाटकं, भजनी सप्ते असं वीसेक वर्षांचं चित्रण त्यांच्याकडे आहे आणि ते सगळं एका लिनक्स मशीनवरून एलटीओ-५ टेपवर जातं (एलटीओ ही बॅकअपच्या चुंबकीय फितीची जात, ५ ही तिची पिढी). असाच संसार कुंडईच्या एका कारखान्याच्या ऑफिसात आणि म्हापशाच्या एका आर्किटेक्टकडे मी सांभाळतो. सात पावसाळे झाले. एवढ्या काळात ड्राइव्ह खरोखर मेलेला मी दोनदाच पाहिला. टेप मेलेली चार-पाच वेळा. बाकी सगळ्या वेळी दोष भलतीकडेच निघाला, पण तोवर कुणीतरी नव्या टेपांचा बॉक्स मागवून मोकळा झालेला असायचा.

एक सांगून ठेवतो. आज्ञा इथे मी बोलतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन छोट्या अक्षरांत टाकायच्या, मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे.

लक्षणं

यातलं आपलं कोणतं ते आधी ठरवा, कारण पुढची वाट त्यावर आहे.

- बॅकअप बिनतक्रार पूर्ण होतो, पण परत काढायला गेल्यावर टेपवर फक्त शेवटचं फोल्डर सापडतं.
- लिहिता लिहिता मध्येच "इनपुट/आउटपुट एरर" येऊन टार (फाइली एकत्र बांधून टेपवर लिहिणारी आज्ञा) थांबतं. कधी पहिल्या दहा मिनिटांत, कधी चौथ्या तासाला.
- तीन तासांचं काम रात्रभर चालतं आणि ड्राइव्ह सारखा थांबतो, मागे जातो, पुन्हा निघतो.
- जुनी टेप वाचताना "कॅनॉट अलोकेट मेमरी" येतं, मशीनमध्ये ३२ जीबी रॅम असूनही.
- टेप "अर्ध्यातच" भरते.
- ड्राइव्हच दिसत नाही.
- ड्राइव्हवर सफाईचा दिवा लागतो किंवा छोट्या पडद्यावर सी हे अक्षर येतं.

काहीही करायच्या आधी एक काम. ज्या टेपवर एकुलती एक प्रत आहे तिची लेखनबंदीची पट्टी सरकवून बंद करा आणि ती टेप बाजूला ठेवा. तपासणी नेहमी कोऱ्या किंवा टाकाऊ टेपवर. घाईत चुकीच्या टेपवर चाचणीचं टार मारून एका लग्नाचं चित्रण मी स्वतः घालवलंय. नवऱ्यामुलाची आई अजून बाजारात दिसली की मी रस्ता बदलतो.

फुकटातल्या तपासण्या

पहिली तीच पट्टी, पण उलट बाजूने. टेप लिहीतच नसेल तर पट्टी बंद आहे का ते बघा. हसू नका, वर्षातून एक फोन याचाच असतो. "एमटी -एफ /डेव्ह/एनएसटी० स्टेटस" दिलं की शेवटच्या ओळीत डब्ल्यूआर_प्रॉट असं दिसतं. तिथेच बीओटी आणि ऑनलाइन दिसलं तर टेप सुरुवातीला, तयार आहे. डीआर_ओपन दिसलं तर ड्राइव्हच्या लेखी आत टेपच नाही. एमटी ही टेप हलवायची-तपासायची आज्ञा, ती दोन प्रकारची मिळते. सीपीआयओ नावाच्या पॅकेजबरोबर येणारं साधं एमटी, आणि एमटी-एसटी नावाच्या पॅकेजमधलं. लिनक्सवर दुसरं टाका, त्याचं स्टेटस वाचता येण्यासारखं असतं.

त्यानंतर उपकरणाचं नाव. "फक्त शेवटचं फोल्डर सापडतं" यामागे बहुतेक वेळा हेच असतं. लिनक्सला एकच ड्राइव्ह दोन नावांनी दिसतो: एसटी० आणि एनएसटी०. एसटी० वापरलं की काम संपताच टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. म्हणजे स्क्रिप्टमध्ये तीन फोल्डरांची तीन टार असतील तर दुसरं पहिल्यावर बसतं, तिसरं दुसऱ्यावर. तिन्ही वेळा "यशस्वी". एरर कुठेच नाही, कारण संगणकाने सांगितलं तेच केलं. एनएसटी०मधला पहिला एन म्हणजे गुंडाळू नकोस. स्क्रिप्टमध्ये नेहमी तेच नाव हवं, आणि आधीच्या माहितीपुढे जोडायचं असेल तर लिहिण्याआधी "एमटी -एफ /डेव्ह/एनएसटी० ईओडी" देऊन टेप शेवटच्या नोंदीपुढे न्यायची.

दोन ड्राइव्ह असतील तर रीबूटनंतर शून्याचा एक आणि एकाचा शून्य होऊ शकतो. म्हापशाला वीज गेली-आली की हे व्हायचं. /डेव्ह/टेप/बाय-आयडी या फोल्डरात ड्राइव्हच्या सिरियल क्रमांकाची नावं असतात, शेवटी -एनएसटी असलेलं नाव उचला आणि स्क्रिप्टमध्ये घाला. पुन्हा त्रास नाही.

"परमिशन डिनाइड" येत असेल तर तो वापरकर्ता टेप या गटात आहे का बघा. ड्राइव्ह दिसतच नसेल तर "एलएसएसकझी -जी" चालवा. तिथेही नसेल तर पुढे केबलचा भाग आहे, तिकडे जा. तिथे असेल पण एसटी० हे नाव नसेल तर "मॉडप्रोब एसटी" देऊन टेपचा ड्रायव्हर चढवा.

टेप अर्ध्यात भरते म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: एलटीओ-५च्या वेष्टनावर ३ टीबी लिहिलेलं असतं, खरी जागा १.५ टीबी. एलटीओ-६वर ६.२५ लिहितात, खरी २.५. मोठा आकडा आकुंचन होईल या आशेवर छापलेला आहे. व्हिडिओ आणि जेपीईजी आधीच आवळलेले असतात, ते आणखी दबत नाहीत. बिघाड नाही.

पिढ्यांचाही घोळ असतो. एलटीओ-७पर्यंतचा ड्राइव्ह स्वतःच्या मागच्या दोन पिढ्या वाचतो आणि मागच्या एका पिढीवर लिहितो. एलटीओ-८पासून ती सवलत गेली, तो ७ आणि ८ एवढंच ओळखतो. कुणी "नवा ड्राइव्ह घेतला, जुन्या टेपा वाचत नाही" म्हटलं की मी आधी टेपवरचा आकडा विचारतो.

ड्राइव्ह कुथतो तेव्हा

अनमोडच्या घाटात वरच्या गियरला अडकलेल्या ट्रकचा आवाज ऐकलाय? ओढतो, दम सोडतो, मागे घसरतो, पुन्हा ओढतो. टेप ड्राइव्हला डेटा कमी वेगाने मिळाला की तो अगदी असा वाजतो. फीत धावत असते, पुढचा डेटा आलेला नसतो, म्हणून तो फीत थांबवतो, थोडी मागे घेतो, डेटा आला की पुन्हा वेग पकडतो. एलटीओ-५ला स्वतःचा वेग सेकंदाला १४० एमबी. डेटा कमी आला तर तो आपला वेग उतरवतो, पण साधारण ४०-५० एमबीच्या खाली त्याला उतरता येत नाही. त्याखाली ही ये-जा सुरू. वेळ तर जातोच, शिवाय फितीचा तोच तुकडा ड्राइव्हच्या आतल्या वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या डोक्याखालून शंभरदा घासला जातो. असा ड्राइव्ह वर्षभर चालवला की पुढच्या पावसाळ्यात खऱ्या एरर यायला लागतात.

म्हणून आधी डिस्कचा वेग मोजा. इथे एक खोच आहे. बरेच जण "टार -सीएफ /डेव्ह/नल" करून वेळ बघतात आणि काही सेकंदांत उत्तर मिळतं म्हणून खूश होतात. ग्नू टारला समोर /डेव्ह/नल आहे हे कळतं आणि ते फाइली वाचतच नाही, फक्त नावं मोजतं. मध्ये कॅट घालायचं:

टार -सीएफ - /चित्रण | कॅट > /डेव्ह/नल

आता लागलेला वेळ खरा. फोंड्याला हा वेग सेकंदाला ३१ एमबी निघाला होता, कारण चित्रण एका जुन्या यूएसबी डिस्कवर होतं आणि शेजारी हजारो थंबनेल. उपाय स्वस्त आहे. मध्ये एमबफर हा छोटा प्रोग्राम बसवा, म्हणजे आधी रॅमची टाकी भरेल आणि मग एका दमात फितीवर ओतली जाईल:

टार -बी ५१२ -सीएफ - /चित्रण | एमबफर -एम ४जी -पी ९० -एस २५६के -ओ /डेव्ह/एनएसटी०

४जीमधला जी आणि -पीमधला पी मोठे. अर्थ असा की ४ जीबीची टाकी ९० टक्के भरल्याशिवाय लिहायला सुरुवात करू नकोस. यामुळे सरासरी वेग वाढत नाही, पण शंभरदा थांबण्याऐवजी फीत मोजक्या वेळा थांबते. खरा वेग हवा तर थंबनेल वगळा आणि डिस्क आतल्या साटा पोर्टवर आणा. आम्ही दोन्ही केलं.

मेमरीची खोटी तक्रार

"कॅनॉट अलोकेट मेमरी" वाचून कारखान्यातल्या पोराने खरोखर रॅम विकत आणली होती. यात रॅमचा काही संबंध नाही. फितीवर डेटा ठोकळ्यांनी लिहिला जातो. टार काही न सांगता ५१२ बाइटांच्या २० पट घेतं, म्हणजे १० केबीचा ठोकळा. वरच्या आज्ञेत -बी ५१२ आहे, म्हणजे २५६ केबीचा. आता ही टेप कुणी -बी न देता वाचायला घेतली तर टार दहा केबीची वाटी पुढे करतं आणि ड्राइव्ह त्यात २५६ केबी ओतायला बघतो. मावत नाही. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, यासाठी दुसरं उत्तर नाही, म्हणून ते मेमरीची एरर देतं. लिहिताना जो आकडा तोच वाचताना द्या, झालं. माहीत नसेल तर मोठा देऊन बघा, वाटी मोठी चालते.

दुसरी बाजू: स्टेटसमध्ये "टेप ब्लॉक साइज" शून्य दिसायला हवा. तिथे ५१२ किंवा दुसरं काही दिसलं तर ड्राइव्ह ठरावीक ठोकळ्यावर अडकलाय. "एमटी -एफ /डेव्ह/एनएसटी० सेटबीएलके ०" द्या. आणि टेपच्या डबीवर पेन्सिलीने ठोकळ्याचा आकडा लिहून ठेवा. पाच वर्षांनी ती टेप वाचणारा माणूस तुम्ही नसाल.

ओल

आता फोंड्याची खरी गोष्ट. एरर फक्त रात्री एक वाजताच्या बॅकअपला यायच्या आणि फक्त जून ते सप्टेंबर. आम्ही टेप बदलल्या, केबल बदलली. शेवटी मी तीनशे-चारशे रुपयांत मिळतो तसला, कमाल-किमान आकडा लक्षात ठेवणारा आर्द्रतामापक ड्राइव्हच्या खोक्यावर ठेवला. सकाळी बघतो तर कमाल ८९ टक्के. दिवसा एसी चालू असताना ५५. रात्री स्टुडिओ बंद करताना बिल वाचवायला एसी बंद व्हायचा, खिडकीच्या फटीतून बाहेरची हवा आत, आणि एक वाजता क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी काम सुरू करणारा प्रोग्राम, टेप फिरवायला घ्यायचा.

एलटीओ टेप चालवायची मर्यादा ८० टक्के आर्द्रतेपर्यंत आहे, तीही बाष्प साचत नसेल तर. त्यात आणखी एक अट असते, ओल्या फडक्याच्या तापमापकावर २६ अंशांच्या वर नको. २८ अंश आणि ९० टक्के या आपल्या जुलैच्या साध्या रात्रीला ते तापमान साडेसव्वीसच्या वर जातं. म्हणजे गोव्यात एसीविना पावसाळ्यात टेप फिरवणं हे दोन्ही अटी मोडून आहे, ड्राइव्ह कितीही नवा असो.

का बिघडतं तेही सोपं आहे. ओल्या हवेत फितीचं घर्षण वाढतं, ती डोक्याला धरते आणि तिच्यावरची पूड डोक्यावर बसते. शिवाय फीत रुंदीला किंचित फुगते. साडेबारा मिलिमीटरच्या फितीवर एलटीओ-५चे १२८० ट्रॅक असतात, तिथे "किंचित" म्हणजे बरंच.

आम्ही बॅकअपची वेळ रात्री एकवरून दुपारी दोनवर आणली. बस, एवढंच. त्या आठवड्यात एरर थांबल्या. मालक म्हणाले, "म्हणजे जेवून झोपायच्या वेळी टेपही थंडाव्यात बसणार." हो, तसंच.

टेपा बाहेर न्यायची पद्धतही बदलली. मालक शनिवारी टेप स्कूटरच्या डिकीतून घरी नेत, एक प्रत बाहेर असावी म्हणून. कल्पना चांगली. पण २२ अंशांच्या खोलीतून निघालेली टेप बाहेरच्या दमट हवेत आली की थंड सोलकढीच्या पेल्यासारखं तिच्यावर पाणी धरतं, आणि ते डोळ्यांना न दिसता आत फितीवरही. आता टेप एसीच्या खोलीतच डबीत, डबी झिपच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि मग बाहेर. घरी पोचल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. सोमवारी परत आणली की २४ तास ड्राइव्हच्या खोलीत बसू द्यायची, मगच आत घालायची. लांब मुदतीच्या साठवणीला १६ ते २५ अंश आणि २० ते ५० टक्के आर्द्रता लागते, ती गोव्यातल्या लाकडी कपाटात मिळणार नाही. कॅमेरावाले वापरतात तसलं ड्राय कॅबिनेट घ्या. टेपांच्या बॉक्सापेक्षा महाग नाही पडत.

डबी उघडल्यावर टेपच्या कडेला पांढुरकी बुरशी दिसली तर ती टेप ड्राइव्हमध्ये घालू नका. एक बुरशीची टेप डोकं घाण करते आणि ते डोकं पुढच्या चांगल्या टेपा.

सफाई, आणि मग बाकीचं

सफाईची टेप इतक्या उशिरा का, असं विचाराल. कारण लोक ती सगळ्यात आधी घालतात. ती डोकं खरवडते, म्हणूनच साफ करते. एलटीओ ड्राइव्हला आत स्वतःचा ब्रश असतो. ड्राइव्हने मागितली तरच सफाई द्यायची, एकदा. दिवा गेला आणि दोन दिवसांत परत आला तर पुन्हा घासू नका. एकतर ओल गेलेली नाही, नाहीतर एखादी टेप पूड सोडतेय. सफाईच्या टेपचीही मोजणी असते, बऱ्याच ब्रँडच्या ५० वेळा चालतात. संपलेली घातली तर ड्राइव्ह ती नुसती बाहेर टाकतो आणि माणसाला वाटतं सफाई झाली.

एवढ्यावरही एरर असेल तर "डीमेसेज", म्हणजे कर्नलच्या संदेशांची नोंद, वाचा. "मिडियम एरर" म्हणजे फितीची किंवा डोक्याची तक्रार, "हार्डवेअर एरर" म्हणजे ड्राइव्हची. मग एसजी३-युटिल्समधलं एसजी_लॉग्ज घेऊन ०एक्स२ई हे पान काढा, तिथे ड्राइव्ह स्वतःचे इशारे ठेवतो. २० म्हणजे आत्ताच साफ कर, ३० किंवा ३१ म्हणजे यंत्रातच बिघाड. हे पान वाचलं की इशारे पुसले जातात, म्हणून पहिल्याच वेळी फाइलीत उतरवा.

मग वेगळ्या खरेदीतली नवी टेप घ्या. तिच्यावर चाललं तर दोष जुन्या टेपचा. पडलेली टेप असेल तर तिचं छोटं दार बोटाने उघडून आतली धातूची पिन सरळ बसलीय का बघा. ड्राइव्ह त्या पिनेला धरूनच फीत ओढतो. तिरकी असेल तर टेप घालू नका.

केबलसाठी मशीन पूर्ण बंद करा. ड्राइव्ह संगणकाला जोडणारी सास केबल काढून पुन्हा बसवा. आपल्याकडे कनेक्टरांवर हिरवट थर धरतो, समुद्राजवळ तर विचारूच नका. शक्य तर दुसरी केबल लावा. ड्राइव्ह आधी चालू, दहा-वीस सेकंदांनी संगणक. ती केबल ज्यात जाते ते संगणकातलं कार्ड रेड मोडमधलं (अनेक डिस्कांची एक करणारं) असेल तर ते टेपला बऱ्याचदा ओळखत नाही, उपकरण थेट जोडणारं साधं एचबीए कार्ड लागतं. जुना समांतर स्कझी ड्राइव्ह असेल तर साखळीच्या टोकाला टर्मिनेटर (शेवट बंद करणारी टोपी) आहे ना ते बघा.

इथे हात आखडा

टेप आत अडकली आणि "एमटी इजेक्ट" किंवा बटण दाबून धरूनही बाहेर येत नाही: थांबा. स्क्रू-ड्रायव्हरने ओढलेली टेप फीत तोडूनच येते.

३० किंवा ३१ इशारा आला, किंवा सफाईनंतर दोन वेगळ्या नव्या टेपांवर तीच एरर आली: ड्राइव्ह दुरुस्तीला. वरचं झाकण काढून कापूस आणि स्पिरिटने डोकं पुसायचा मोह होतो, मला झाला होता. दोन मेलेल्या ड्राइव्हांपैकी एक माझ्याच हातचा.

मे महिन्याच्या गडगडाटात वीज पडून ड्राइव्ह बंद झाला, जळका वास आला: पुन्हा चालू करून बघू नका, कार्डही सोबत तपासून घ्या.

बुरशी धरलेली, भिजलेली किंवा पिन निखळलेली टेप असेल आणि त्यावरच्या डेटाची दुसरी प्रत नसेल तर एकदाही वाचायचा प्रयत्न करू नका. ती डेटा रिकव्हरीवाल्यांकडे जाते, खर्च मोठा असतो, आणि आपण केलेल्या प्रत्येक प्रयत्नाने तो वाढतो.

ड्राइव्ह पाठवताना सोबत डीमेसेज आणि इशाऱ्यांच्या पानाची फाइल, कोणत्या टेपांवर काय झालं त्याची यादी, आणि शेवटची सफाई कधी केली ते द्या. आत टेप राहिली असेल तर खोक्यावरच मोठ्या अक्षरात लिहा. कुरियरवाला खोकं उलटं धरणारच आहे, निदान उघडणाऱ्याला कळू दे.